साहेब इथे कामाला नाहीत

पंपदुरुस्तीच्या त्या कारखान्यात तिला सगळे नियमबाई म्हणत. मागच्या खोलीत बसून ती चार वर्षं एक संगणकभाषा रचत होती. त्या भाषेत पंपांची माहिती साठवायची, शेजारी नियम लिहायचे. मग प्रश्न विचारला की यंत्राने दोन्ही ताडून उत्तर काढायचं. एका घराण्यातल्या पंपांना घराण्याचे गुण आपसूक मिळायचे, प्रत्येकाचे वेगळे लिहायला नकोत.

माहिती मात्र सगळी स्टोअरच्या काकांच्या डोक्यात.

“काका, प्रत्येक पंपाला झाकण असतं ना?”

“असतंच.”

तिने नियम लिहिला.

“तो निळा सोडून,” काका म्हणाले. “आणि कोपऱ्यातल्याला दोन आहेत.”

संध्याकाळपर्यंत नियम एक आणि अपवाद अकरा झाले. डोकं धरून बसल्यावर तिने भाषेत नवा शब्द घातला: ‘एरवी’. एरवी पंपाला झाकण असतं. एखाद्याबद्दल वेगळं सांगितलं असेल तर ते खरं.

“आता कसं माणसासारखं बोललात,” काका म्हणाले.

साहेब बघायला आले तेव्हा यंत्राने कुठल्या पंपाला कुठलं वायसर बसेल ते फटाफट सांगितलं. साहेब खुलले. “विचारा त्याला, मी इथे कामाला आहे का?”

तिने विचारलं. उत्तर आलं, ‘नाही’.

नियमबाईच्या तोंडचं पाणी पळालं. जे सिद्ध होत नाही ते खोटं, असा तिच्या भाषेचा पायाच होता, आणि माहिती भरताना साहेब राहून गेले होते.

“काकांचं विचारा,” साहेब म्हणाले.

‘हो. तीस वर्षं.’

काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हुशार आहे हो यंत्र.”

“माझं नाव आजच्या आज घाला,” साहेबांनी बजावलं आणि चहा तसाच टाकून गेले.

नाव घालायला एक मिनिट लागलं. पण उद्या दुसरं कुणी राहिलं तर यंत्र त्यालाही असंच बेधडक घरी बसवणार, हे तिला डाचत राहिलं. तीन आठवडे खपून तिने पाया उकरला आणि यंत्राला तिसरं उत्तर शिकवलं: ‘माहीत नाही’.

काकांनी मुद्दाम आडवेतिडवे प्रश्न टाकले. चार वेळा ‘माहीत नाही’ आल्यावर ते समाधानाने चष्मा पुसायला लागले. “ऑफिसच्या बाजूने हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकतोय.”

भाषा आता स्टोअरमध्ये रुळली आहे. काका आधी स्वतः उत्तर देतात, मग यंत्राला विचारतात. दोघांचं जुळलं नाही की नियमबाईला हाक जाते. बहुतेक वेळा काकांचंच बरोबर निघतं, आणि ती मुकाट्याने आणखी एक अपवाद लिहिते.