टाकणखाराचा एकच हात

जळगावात माझं बांबूच्या तट्ट्यांचं दुकान होतं. एकदा ते जळालं. मग ते पुन्हा उभं केलं, आणि सोनार डाख लावताना वापरतात तो टाकणखार मी हाताशी धरला. कढत पाण्यात टाकणखार आणि बोरिक पावडर विरघळवायची, तट्ट्या त्यात भिजवून सावलीत वाळवायच्या. काडी लावली तर तट्टी काळी पडायची, पेट घ्यायची नाही.

हे ऐकून मोठ्या भावाने मला गावी बोलावलं. वाटणीत घर त्याने ठेवलं होतं. हा बाहेर पोट भरतो, याला घर कशाला, असं तो पंचांसमोर म्हणाला होता. आता त्याला कापूस ठेवायची झोपडी आगीपासून राखायची होती. भिंती पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, वर गवत. मी मोबदल्यात घरातली पुढची खोली मागितली. तो सगळ्यांदेखत हसला.

"पाणीच शे ना हाई? पाणीना काय भाव सांगस?"

मी खोलीवरून ओट्यावर आलो, ओट्यावरून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, जेवणावर. तेवढंच ठरलं. पुरणपोळी खाऊन मी कुंचा घेतला आणि भिंतींवर, छपरावर एक हात मारला. वाळल्यावर भावाने स्वतः काडी लावून पाहिली. पऱ्हाटी नुसती काळी पडली. तो खूश झाला. चार लोकांना दाखवत फिरला.

हे द्रावण पावसात धुऊन जातं. पावसाळा सरला की पुन्हा हात द्यावा लागतो. माझ्या तट्ट्या दुकानात छपराखाली असत, त्यांना पाऊस लागत नसे. त्याची झोपडी उघड्यावर. मी बोललो नाही. जेवणात एवढंच बसत होतं.

पावसाळा गेला. पहिल्या वेचणीचा कापूस त्याने त्या झोपडीत दाबून भरला. दिवाळीत पोरांचा बाण छपरावर पडला. गावकरी बादल्या घेऊन धावले, तर तो म्हणाला, राहू द्या, पेटत नाही ती. लोक थांबले. कापूस आतून दोन दिवस धुमसत होता.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"तुले माहीत व्हतं?"

"व्हतं."

"मग सांगं का नही?"

मी गिऱ्हाईकासाठी तट्टी मोजत होतो. ती मोजून झाल्यावर म्हणालो, "भाऊ, तू इचारं नही."

तो गेला. खोली त्याने आजतागायत दिलेली नाही. मीही पुन्हा मागितली नाही.