वीस वाक्यांत मी नव्हते

बाईंनी माझा कागद दोन बोटांत धरून वर केला. हॉलमध्ये तीस माणसं होती. सगळी माझ्याच ऑफिसातली.

"हे बघा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "वीस वाक्यं आहेत. आणि या वीस वाक्यांत ही मुलगी स्वतः कुठंच नाही."

लोक हसले. दुष्टपणानं नाही, जेवणाची वेळ झाल्यावर हसतात तसं. मीसुद्धा हसले. आज आठवलं की तेच जास्त लागतं, की मीसुद्धा हसले. मुलगी म्हणे! चौतिशी ओलांडली माझी.

गच्चीबावलीकडच्या एका कंपनीत मी नऊ वर्षं आहे. औषधांच्या चाचण्यांचे कागद तपासायचं काम. टीम लीडरची जागा रिकामी झाली होती. नावं दोनच होती, माझं आणि मंजिरीचं. निवड करण्याआधी कंपनीनं सगळ्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलं, स्वतःला ओळखायचं. मानसशास्त्राच्या एक बाई बोलावल्या. त्यांचा रिपोर्ट वर जाणार होता, आणि त्यावर जागा ठरणार होती. हे आम्हाला दोघींनाही माहीत होतं.

बाईंनी कोरे कागद वाटले. "मी कोण?" या प्रश्नाची वीस उत्तरं लिहायची. प्रत्येक वाक्य 'मी'नं सुरू करायचं. मी खाली मान घालून भराभर लिहीत सुटले. कारण हा प्रश्न आमच्याकडं नवा नाही.

गौलीगुड्यात बसस्टँडच्या मागं आमची वस्ती आहे. मराठवाड्यातून या निजामाच्या शहरात आलेल्या बौद्धांची तीस-चाळीस घरं, मध्ये छोटं विहार. पोरगं पास झालं, नोकरीला लागलं, की रविवारी वंदनेनंतर त्याला पुढं उभं करतात. म्हातारी माणसं विचारतात, "सांग, तू कोण?" तिथं आपलं नाव नाही सांगायचं. ज्यांच्यामुळं इथवर आलो त्यांची नावं घ्यायची. एखादं सुटलं तर खालून कुणीतरी ओरडतंच, "अन् शांताबाईला कुठं ठेवलं गं?" दहावीला मी उभी राहिले तेव्हा चौदा नावं झाली होती माझी. शेवटचं नाव घेऊन खाली बसले तेव्हा मला मी लई मोठी वाटले होते.

तर मी तसंच लिहिलं. कागदावर इंग्रजी, डोक्यात मराठी. मी बस डेपोतल्या मेकॅनिकची लेक. मी माझ्या मायची, जिनं मला भाकरी थापायला नाही, वाचायला बसवलं. मी शांतामावशीची, जी माझ्या वाटणीचं पाणी भरायची म्हणून मी शाळेत वेळेवर पोचायची. मी बौद्ध. मी वस्तीतली पहिली एम.एस्सी. असं वीसपर्यंत.

बाईंनी हे सगळं मोठ्यानं वाचलं. मावशीपाशी थांबून विचारलं, "सख्खी मावशी?"

"नाही. शेजारीण."

पुन्हा हसू.

मग बाईंनी समजावलं. म्हणे, अपरिपक्व माणूस स्वतःला गटातून ओळखतो. परिपक्व माणूस एकटा उभा असतो. वस्ती, धर्म, शेजारपाजार, ही पाठीवरची ओझी. ती उतरवून ठेवा, मग आत जे उरतं ते तुम्ही. मला पटलंसुद्धा. शिकलेली बाई सांगते म्हणजे असेल बाबा, असं वाटलं. मी वहीत उतरवून घेतलं.

पुढचा कागद मंजिरीचा निघाला. मी काचीगुड्यातल्या पाच पिढ्यांच्या विद्वान घराण्यातली. मी निजामाच्या काळात नावाजलेल्या वकिलांची पणती. मी आमच्या घरातलं गाणं पुढं नेणारी. मी आमच्या कुलदेवतेची लेक.

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "किती सुंदर! याला म्हणतात मुळं असणं."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

तिथं माझ्यात काहीतरी बंद पडलं. राग नाही आला. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा होतो, तसं सगळं अंग झालं. तिची माणसं मुळं आणि माझी माणसं ओझं. एवढंच डोक्यात फिरत होतं, आणि त्याचं काही वाटतही नव्हतं.

चहाच्या वेळी बाई जवळ आल्या. मराठीत बोलल्या.

"तू मराठी ना गं? गाव कुठलं?"

"नांदेडकडचं."

"आडनाव काय म्हणालीस?"

सांगितलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या. हे अच्छा मी शाळेपासून ऐकत आले आहे. ते जरा लांबतं आणि मग आवाज मऊ होतो. "हे बघ, राग मानू नकोस. तुमच्यात हुशारी असते गं, पण तुम्ही लोक त्या जखमेतून बाहेरच येत नाही. न्यूनगंड असतो. परत लिही बघू. एकाही माणसाचं नाव नको."

आणि कोरा कागद दिला.

मी लिहिलं. हे सांगताना जीभ जड होते, पण लिहिलं. मला ती जागा हवी होती. मी मेहनती आहे. मी वेळ पाळते. मी शांत स्वभावाची आहे. मी प्रवासाची शौकीन आहे. कसला डोंबलाचा प्रवास, गौलीगुडा ते गच्चीबावली! वीस भरली. बाईंनी पाठ थोपटली. "ही खरी तू," म्हणाल्या. मग मी जेवले. पनीर होतं, दोनदा घेतलं. चव कळली नाही.

संध्याकाळी घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, टीव्हीसमोर बसले होते.

"काय शिकवलं गं पोरी आज?"

"मी कोण, ते लिहायचं होतं."

अण्णा खूश झाले. "मग? घेतलीस ना नावं सगळ्यांची? शांताबाईचं घेतलंस? तापानं पडून हाय परवापासून, सांगतो तिला."

"हो," मी म्हणाले.

मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि उभी राहिले. रडायला गेले होते, रडूच येईना. लाज वाटत होती. बाईंनी केलं ते बाईंनी केलं. पण दुसरा कागद माझ्या हातानं लिहिला होता. माझ्या माणसांना मीच खोडलं होतं, एका जागेसाठी, आणि वर अण्णांशी खोटं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर श्रीनिवासनं केबिनमध्ये बोलावलं. बाई तिथंच होत्या. टेबलावर माझा रिपोर्ट. पार्श्वभूमीचा न्यूनगंड. गटावर अवलंबून. समुपदेशनानं सुधारणा शक्य. खाली छापलेलं, 'वरील निरीक्षण मला मान्य आहे', आणि सहीची रेघ.

"सही कर दो बस," श्रीनिवास म्हणाला. "फॉर्मॅलिटी है. मेरे को आज ही भेजना है."

"मंजिरीच्या रिपोर्टात काय आहे?" मी बाईंना विचारलं.

"तिचं वेगळं आहे."

"काय वेगळं? तिनंही माणसंच लिहिली. पणजोबा माणूसच होता ना?"

बाई हसल्या. "बघ. किती मनाला लावून घेतेस. तेच तर लिहिलंय मी."

तेव्हा मला उमजलं. आता मी काहीही केलं तरी ते त्या कागदात बसणार होतं. आवाज चढवला तर जखम. गप्प बसले तर न्यूनगंड. त्यांनी आधी आजार ठरवला होता, मग मला तपासलं होतं.

मी पेन घेतलं. श्रीनिवासनं सुटकेचा निःश्वास टाकला. मी 'मान्य आहे' खोडलं, वर 'मान्य नाही' लिहिलं आणि सही केली. माझा दुसरा कागद खोटा होता, तो जागेसाठी लिहिला, हेही खाली लिहिलं.

"ऐसे में नाम आगे नहीं जाता," श्रीनिवास हळूच म्हणाला. "सोच लो."

"सोच लिया."

जागा मंजिरीला मिळाली. मी आता तिच्या हाताखाली काम करते. ती चांगली वागते. अण्णांना मी त्याच रात्री सगळं खरं सांगितलं. ते उठून झोपायला गेले. मनाचा बधिरपणा अजून गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही.

पण कंपनीकडं मी लेखी मागणी दिली आहे. मंजिरीचा कागद आणि माझा पहिला कागद शेजारी शेजारी ठेवा, आणि फरक काय ते लिहून द्या. उत्तर आलं नाही. दर सोमवारी मी तोच अर्ज नव्या तारखेनं देते. परवा श्रीनिवास म्हणाला, ऊपरवाले परेशान हैं, अब बंद करो.

बंद करणार नाही. त्यांनी मला कामावरून काढावं. काढायचं कारण मात्र त्यांना लिहावं लागेल, आणि त्याच्याखाली सही त्यांची असेल.