लोकरीच्या रकान्यातलं शून्य

भगवान गेल्याचं मला वर्गात कळलं. शिपाई दारात घुटमळला, मग म्हणाला, "बाई, भगवान सर सकाळी गेले." फळ्यावरचं गणित अर्धंच राहिलं... पंचेचाळिशीही गाठली नव्हती त्याने. डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. आत काय पोखरत होतं, ते आम्हा दोघा-तिघांना ठाऊक होतं.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकवायचा आणि मी संख्याशास्त्र. तो आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातला. थोरले भाऊ, आण्णा, अजून मेंढरं राखत. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर सरकारी नियोजन कार्यालयाने भगवानला एक काम दिलं. सातारा-सांगलीत कोणता धंदा कुणाकडून काय घेतो आणि कुणाला काय विकतो, याचा एक मोठा तक्ता त्यांना हवा होता. देशाचा असा तक्ता होता, जिल्ह्यांचा नव्हता. दारोदार पाहणी करायला ना पैसा, ना वेळ. म्हणून देशाचाच तक्ता घ्यायचा, इथे त्या त्या धंद्यात माणसं किती ते बघायचं आणि त्या मानाने आकडे कमी करायचे. जिथे माणसं थोडी, तिथे माल बाहेरून येतो असं धरायचं. आकडेमोडीला मी होते. हाताने फिरवायच्या यंत्रावर आमची उन्हाळ्याची सुट्टी गेली.

ऊस, गूळ, साखर पटण्यासारखे आले. लोकरीच्या रकान्यात मात्र जवळजवळ शून्य. मला वाटलं, माझीच काहीतरी चूक. तो म्हणाला, "चूक नाही, बाई. शिरगणती होते तेव्हा आमची माणसं मेंढरं घेऊन घाटाखाली असतात. तिकडे मोजली तर मोजली."

हे त्याने नियोजन कार्यालयातल्या साहेबांना तोंडावर सांगितलं. निदान पूर्वेकडच्या, मेंढपाळांच्या तालुक्यांत तरी जाऊन या, म्हणून विनवलं. साहेब हसले. पाहणीच करायची असती तर तुमच्याकडे कशाला आलो असतो, म्हणाले. मग दिवाळीच्या सुट्टीत तो स्वतःच निघाला, एसटीने, पुढे पायी, कळपांच्या मागे. लोकर किती निघते, कुणाला जाते, हे विचारत हिंडला आणि काळाठिक्कर पडून परतला. तोवर ठरून गेलं होतं. सरकारी लोकर कताई केंद्र इस्लामपूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. जागा कुणाच्या मेव्हण्याची, ते पुढे सगळ्यांना कळलं. पण कागदावर कारण एकच होतं, लोकर इथे निघत नाही, बाहेरूनच येते असं सांगणारा, प्राध्यापकांच्या सहीचा तक्ता.

आण्णा सांगलीला आले त्या दिवशी मी भगवानच्याच घरी होते. ते उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

"भगवाना, तुज्या कागदात आमी न्हाईच व्हय रं?"

"मोजणी झाली तवा तुमी हितं नव्हता, आण्णा. मी सांगितलं त्यास्नी. ऐकलं न्हाई."

"त्यास्नी ठावं नव्हतं. तुला हुतं. मग सही कशापायी केलीस?"

भगवानच्या बायकोने ताट वाढलं होतं, आण्णा पाण्याचा घोटही न घेता गेले. त्यानंतर ते या घरी कधी आले नाहीत. भगवान गावी जाई, पण देवळात झोपे.

केंद्र चाललं नाही. लोकर ट्रकने आणायची, भाडं परवडेना. आता तिथे खताची पोती ठेवतात. भगवान वर्षानुवर्षं कार्यालयाला लिहीत राहिला, तक्ता मागे घ्या म्हणून. पोच यायची, उत्तर नाही.

शोकसभेला तेच साहेब आले होते. म्हणाले, सरांचा तक्ता आम्ही आजही वापरतो. टाळ्या वाजल्या... शोकसभेत! मी उठून बाहेर आले.

पुढच्या आठवड्यात आण्णा कॉलेजात आले. धाकट्या भावाची बसायची जागा बघायची होती. खुर्चीवर भगवानचं काळं घोंगडं अंथरलेलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं, बोटांनी चोळलं, बराच वेळ. घेऊन जा, मी म्हटलं.

"आवं, ऱ्हाऊ द्या हितंच," ते म्हणाले. "कुनी इचारलं तर सांगा, ही लोकर आटपाडीची हाय."

त्या खुर्चीवर आता नवे प्राध्यापक बसतात. घोंगडं टोचतं म्हणून ते त्याची घडी करून कपाटावर टाकतात. मी रोज सकाळी पुन्हा अंथरते. अजून कुणी विचारलेलं नाही.