रेघ कोणाची?

आमच्या टीमचं यंदाचं भविष्य सांगायचं तर आधी गुडघे मोजावे लागतात. चौदा खेळाडू, अठ्ठावीस गुडघे, त्यातले धड बावीस. माझा डावा कुरकुरतो, पण ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सगळ्यात लांब फेकणारा आमचा पोट्टा नोकरीसाठी पुण्याला पळाला. जाताना रडला आणि टीमची एक डिस्क घेऊन गेला, ती काही परत आली नाही. सतरा-सतरा वर्षांच्या दोन पोट्ट्या मात्र अशा तयार झाल्यात, की त्या धावायला लागल्या की मला माझं वय आठवतं. मी तेहतीस वर्षांची आहे. दिवसा सदरला एका चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि संध्याकाळी हुडकेश्वरच्या मोकळ्या मैदानावर प्लास्टिकच्या ताटलीमागे कुत्र्यासारखी पळते. हे शेवटचं वाक्य आईचं आहे, माझं नाही.

खेळाचं नाव अल्टिमेट फ्रिस्बी. सात विरुद्ध सात, पोरं-पोरी एकत्र. डिस्क हातात असताना पळायचं नाही, एकमेकांकडे फेकत न्यायची, आणि मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसाने झेलली की गुण. यात पंच नसतो. धक्का लागला, पाय बाहेर पडला, तर ज्याचं त्यानं सांगायचं. समोरच्याला पटलं नाही तर तिथंच उभं राहून बोलायचं आणि मिटवायचं. नवख्या माणसाला मी हे सांगते तेव्हा तो आधी हसतो, मग मी थट्टा करत नाही हे कळल्यावर माझ्याकडे दयेनं पाहतो.

माझे बाबा हसले नाहीत. त्यांना राग आला.

बाबा कळमन्याच्या बाजारात धान्याच्या काट्यावर होते, आता घरी असतात. पण उमरेडपासून इकडे सगळे त्यांना ओळखतात ते कबड्डीचे पंच म्हणून. चाळीस वर्षं त्यांनी मंडळांच्या स्पर्धांमध्ये सिटी वाजवली. एकदा शेवटच्या चढाईत स्वतःच्या सख्ख्या भावाला बाद दिलं. काका त्या दिवाळीला आमच्याकडे फिरकले नाहीत, आणि बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांचा एकच नियम होता. ‘जे आपल्या डोळ्यानं पाह्यलं नाही, ते आपण देत नाही.’ पोरं गळ्यात पडली, पाया पडली, अंगावर धावून आली, तरी दिसलं नसेल तर बाबा देत नसत.

“पंच नाही?” ते म्हणाले होते. “मंग भांडण झालं तर?”

“बोलून मिटवतो.”

“माणसं बोलून मिटवत असती तर मले चाळीस वर्षं काहून बोलावलं असतं वं?”

सहा वर्षं मी खेळले आणि सहा वर्षांत बाबा एकदाही मैदानावर आले नाहीत. माझे बूट वाळत घातलेले दिसले की त्यांच्याकडे पाहून “पळापळी” एवढंच म्हणायचे. मला ते लागायचं. साधं नाही, चांगलंच लागायचं. कबड्डी खेळणाऱ्या गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराबद्दल ते तासभर बोलू शकत, आणि घरातल्या पोरीच्या खेळासाठी त्यांच्याकडे एक शब्द होता.

या उन्हाळ्यात मात्र गाडी अडली. मेच्या शेवटी बंगळूरला स्पर्धा होती, आणि ती जिंकणाऱ्या टीमला देशपातळीच्या स्पर्धेत जागा. आमच्या क्लबला सहा वर्षांत तिथं पाय ठेवता आला नव्हता. माझ्या गुडघ्याचा हिशेब माझ्यापुरता स्पष्ट होता, यंदा नाही तर मग मी प्रेक्षकांत. त्यात त्या दोन पोट्ट्यांच्या घरून निरोप आला, कोणी मोठं माणूस सोबत असल्याशिवाय पाठवणार नाही. पोरी नाहीत तर टीमच नाही. मी तेहतीस वर्षांची, मोठी नाही का, असं मी म्हणून पाहिलं. त्यातल्या एकीच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गुडघे खरचटलेले, पायात हाफ पँट. “तुमचे बाबा येत असतील तर पाहू,” ती म्हणाली.

बाबांना तयार केलं ते आईनं. “जा ना बापा! इथं दिवसभर कूलरमध्ये पाणी टाकून राहिले, अन् माह्या डोक्यावर बसून राहिले. पोरींकडे लक्ष द्यायचं, बाकी काही बोलायचं नाही.” बाबांनी बॅगेत दोन पायजमे, जवसाच्या चटणीचा डबा आणि पितळेची सिटी ठेवली. सिटी कशाला, मी विचारलं. “असू दे,” ते म्हणाले. गावाला जाताना माणूस जसा देवाचा फोटो पाकिटात ठेवतो, तशी ती त्यांच्या खिशात असायची, म्हणून मी सोडून दिलं. तीच माझी चूक.

गाडीत चंद्रपूर येईपर्यंत बाबा पोरींच्या बॅगा मोजत बसले. मग त्यांनी एकदम विचारलं, “तुमच्यात रेघ कोणाची?”

मला कळलं नाही.

“अवं, कडेची रेघ. फक्की मारता ना तुम्ही? कबड्डीत रेघ मैदानाची. पाय रेघेवर पडला तर चालते, बाहेर टेकला तर बाद. तुमच्यात कसं?”

“आमच्यात रेघ बाहेरची. रेघेला नुसतं बोट लागलं तरी आऊट.”

त्यांनी मान हलवली. “कडक आहे,” म्हणाले. त्या स्वरात मला सहा वर्षांत पहिल्यांदा आदर ऐकू आला. मी लगेच शेफारले आणि पुढचे दोन तास त्यांना सगळे नियम सांगितले. वेळ संपली की आयोजकांच्या तंबूतून सिटी वाजते, हेही सांगितलं. पण ते त्यांनी ऐकलं नसावं, कारण तेवढ्यात पोट्ट्यांपैकी एकीनं चटणीचा डबा उघडला होता.

आम्ही शेहेचाळीस डिग्रीतून आलेली माणसं. बंगळूरच्या हवेत बाबांनी मफलर गुंडाळला आणि सगळी टीम त्यांना पाहून हसली. पण आम्ही उडत होतो. घरी ज्या उन्हात सराव करतो, त्यापुढे हे ऊन म्हणजे सावलीच. पहिल्या दिवशी तीन सामने जिंकलो. बाबा रेघेपासून दहा पावलांवर खुर्ची टाकून बसले. पोट्ट्यांना पाणी देत होते, आणि नाही नाही म्हणत ओरडायलाही लागले. “पाय पाहा, पाय! हातांकडे काहून पाहून राहिली?” त्यांचं ऐकून त्या दोघींपैकी एकीनं समोरच्यांच्या दोन डिस्क हाणून पाडल्या. मला काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, आता जिंकलो की झालं. आता यांना कळेल.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना. समोर तिथलीच टीम, तालेवार. बारा-बारा झाले. पुढचा गुण ज्याचा, सामना त्याचा. डिस्क आमच्याकडे होती. मी कोपऱ्याकडे सुटले, आमच्या एका पोट्ट्यानं डिस्क वाऱ्यावर टाकली, माझ्या मागची मुलगी घसरली, आणि मी उडी मारून दोन्ही हातांनी झेलली. त्या टोकाच्या पट्ट्यात, कडेच्या अगदी जवळ.

आणि सिटी वाजली.

आमच्या पोट्ट्यांनी मैदानात धाव घेतली आणि मला उचललं. समोरची टीम म्हणाली, थांबा, सिटी वाजली, वेळ संपली वाटतं. आमचे म्हणाले, झेल आधी. तंबूतून दोघं ओरडत आले, “हमने नहीं बजाई! हमने नहीं बजाई!” मग सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या. खुर्चीपाशी माझे बाबा उभे होते. तोंडात पितळेची सिटी, उजवा हात खांद्यापासून सरळ बाहेर काढलेला, मफलर वाऱ्यावर.

“पाय रेघेवर,” ते म्हणाले.

मेले मी! खरंच वाटलं, धरणी फाटावी. कोणी हसत होतं, कोणी चिडलं होतं. समोरच्या टीमची कप्तान, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पुढे आली. तिच्या माणसांना काही दिसलं नव्हतं, जी मागे होती ती घसरून पडली होती. ती शांतपणे म्हणाली, “दीदी, अंकल से पूछ सकते हैं, लेकिन कॉल आपका है.”

मी बाबांना विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मोतीबिंदू काढल्यानंतर त्यांचे डोळे मीच तपासलेत. दूरचं त्यांना माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. मी बुटाकडेही पाहिलं नाही. टाचेखाली काय होतं, ते मला पाय टेकला त्याच क्षणी कळलं होतं.

“आऊट,” मी म्हणाले.

डिस्क त्यांच्याकडे गेली. चौथ्या फेकीवर त्यांनी गुण केला. संपलं.

सामना झाला की आमच्यात दोन्ही टीमनी मिसळून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गोल उभं राहायची रीत आहे. काय आवडलं, काय खटकलं, ते तोंडावर सांगायचं. त्या कप्तानीनं बाबांनाच गोलात ओढलं. चाळीस वर्षांत एकाही निर्णयाबद्दल माफी न मागितलेला माणूस आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, “गलती हो गई. पंच नहीं है, फिर भी सिटी बजा दी.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची एक मुलगी येऊन बाबांच्या पाया पडली. मी त्या गोलात उभी होते, आणि मला भयंकर संताप आला होता. हरायचं मी, आणि लाडके हे.

परतीच्या गाडीत मी बाबांशी बोलले नाही. पोट्ट्या त्यांच्याकडून कबड्डीतले पवित्रे शिकत होत्या, मी खिडकीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बल्लारशाला गाडी बराच वेळ थांबली. त्यांनी दोन चहा आणले, एक माझ्या हातात दिला आणि शेजारी बसले.

“माफी मी सिटीची मागितली,” ते म्हणाले. “पायाची नाही.”

“माहीत आहे मला. आऊटच होता पाय. मी म्हटलं ना तिथं सगळ्यांसमोर? तुम्हाला वाजवायची काय गरज होती? मी सांगितलं असतं!”

ते चहा फुंकत राहिले. आणि मग मला त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला. झेल आणि सिटी यांच्यात वेळ गेला होता. फार नाही, दोन श्वासांचा. तेवढ्यात मी “आऊट” म्हणू शकत होते. मी म्हटलं नव्हतं. मी मान वर करून आमच्या पोट्ट्यांकडे पाहिलं होतं, आणि हसले होते. मला वाटलं होतं हे कोणालाच दिसलं नाही.

“तुम्ही माझ्या पायाकडे पाहून नाही वाजवली,” मी म्हणाले. “माझ्या तोंडाकडे पाहून वाजवली.”

“मी वाट पाह्यली,” ते म्हणाले. “तू बोलून नव्हती राहिली. मले राहवलं नाही.”

मी रडले. सरळ भर गाडीत रडले, पोट्ट्यांसमोर. बाबांनी मफलर काढून दिला, त्याला चटणीचा वास येत होता. मी म्हणाले, “बाबा, सिटी वाजली नसती तर मी बोलले असते का नाही, मला माहीत नाही.”

“बोललीच असती तू,” ते म्हणाले. “मीच घाई केली.”

असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहिलं. जे दिसलं नाही ते कधी कोणाला न देणाऱ्या माणसानं, सख्ख्या भावालाही न सोडणाऱ्या माणसानं, मला ते दिलं.

हिवाळ्यात आणखी एका स्पर्धेतून देशपातळीची जागा मिळू शकते, त्यामुळे गुडघ्याला मी तोवरची मुदत दिली आहे. बाबा आता रोज सरावाला येतात. सिटी आणत नाहीत, खुंटीला असते. मी एकदा विचारलं, काहून नाही आणली? “तिथं तिचं काय काम,” म्हणाले.

परवा मी कोपऱ्यात एक झेलली, आणि पाय टेकायच्या आतच ओरडले, “आऊट!” हल्ली माझं असंच होतं. बाकावरून लगेच आवाज आला.

“आत होता वं भैताड! चांगला बोटभर आत होता!”

मी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्ही पाह्यला?”

“पाह्यला.”

मग तो गुण आम्ही घेतला.