तुरीचे तास

ही गोष्ट सांगायची मी चाळीस वर्षं टाळली. आजही सकाळपासून तीनदा कागद काढला आणि तीनदा उठून अंगणात गेलो. सूनबाईने विचारलं, "बाबा, काहून येरझारा घालून राह्यले?" गुडघा आखडला, म्हणालो. खोटं बोलायची सवय काही जात नाही.

आमच्या भागातून गणितात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली बाई. विद्यापीठात गणित विभागाची पहिली महिला प्रमुखही तीच. तिच्या सिद्धता धरून परदेशातले लोक पुढचं काम करतात. तिच्यावर लेख येतात तेव्हा त्यात एक वाक्य हमखास असतं: गावच्या शाळेतल्या गणिताच्या सरांनी तिला घडवलं. ते सर म्हणजे मी, आणि ते वाक्य खोटं आहे.

फुलसावंगीकडच्या एका शाळेत मी शिकवायचो. ती नववीत होती, तांड्यावरून चालत यायची. एकदा गृहपाठाऐवजी वहीत भलतंच काही आणलं.

"हे काय?"

"सर, बा पऱ्हाटीत तुरीचे तास टाकते." पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तास म्हणजे पिकाची ओळ. "तुरीचे दोन तास लागून नाई आले पाह्यजेत, पऱ्हाटी दबते. मंग मी मोजलं, किती तऱ्हेनं पेरता येते. एका तासाले दोन तऱ्हा, दोनाले तीन, तीनाले पाच, चाराले आठ. मागचे दोन आकडे जोडले का पुढचा येते."

"काहून येते?"

"शेवटचा तास पऱ्हाटीचा असन, तं त्याच्या आंधी कसंबी पेरा. तुरीचा असन, तं त्याच्या आंधी पऱ्हाटीच पाह्यजे. मंग ते दोन तास सोडून बाकीचे मोजा."

मागून एक पोरगी ओरडली, "सर, हिनं बाचं सारं वावर वहीतच पेरून टाकलं!" वर्ग हसला. मीही हसलो, आणि वही ठेवून घेतली.

ही मालिका जगाला आधीपासून ठाऊक होती. तिला नव्हती. तिचं कारण तिनेच शोधलं होतं, आणि मला ते त्या वयात काय, त्या दिवशीही सुचलं नसतं. हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त टोचतं.

दसऱ्यानंतर तांड्यावरची माणसं ऊसतोडीला जात. गेलेल्या पोरी बहुतेक शाळेत परत येत नसत. वर्षभरात त्यांची लग्नं होत. त्या वर्षी घरच्यांबरोबर तीही गेली. मी ठरवूनच टाकलं की ही संपली. वहीला कपाटात वाळवी लागण्यापेक्षा कुठेतरी छापून आलेलं बरं, असं स्वतःला समजावलं. शिक्षकांच्या एका मासिकाला लेख पाठवला, खाली माझं नाव घातलं. तिचा साधा उल्लेखही केला नाही. लेख छापून आला, यवतमाळला बोलावून मला शाल-श्रीफळ दिलं.

पोळ्याला शिवायची झूल मोजावी तशी मी ती शाल दोनदा उलगडून पाहिली होती. लाज तेव्हा वाटली नाही.

थंडी सरताना ती एकटीच परत आली. "याडीशी भांडून आली, सर." याडी म्हणजे तिची आई. मावशीकडे राहून शिकणार होती. तिने वही मागितली. मी म्हणालो, सापडत नाही.

ती वही अजून माझ्या लोखंडी पेटीत आहे.

पुढचं सगळं तिने माझ्याविना केलं.

गेल्या महिन्यात उमरखेडला तिचा सत्कार झाला. मला गुरू म्हणून मंचावर बसवलं होतं. खुर्चीत मला स्वस्थ बसवेना. कार्यक्रम संपल्यावर ती पाया पडायला वाकली आणि हळूच, तशाच वऱ्हाडीत म्हणाली, "सर, तुमचा लेख मी बारावीत वाचलता. सात तासांच्या तऱ्हा तेहतीस छापल्या तुमी. चौतीस पाह्यजे."

मी मनातल्या मनात मागचे दोन आकडे जोडले: तेरा आणि एकवीस.

"ती चूक माह्याच वहीतली, सर. तुमी तपासलं बी नाई?"

ती हसत होती, पण नजर हलवत नव्हती. उत्तराची वाट पाहत होती. इतकी वर्षं मनात घोकलेलं सगळं ओठांवर आलं: लेख तुझा होता, वही माझ्याकडे आहे, मला माफ कर, पोरी. फोटोसाठी कुणीतरी तिला हाक मारली. तरी ती थांबून राहिली.

"तुमची गाडी किती वाजता आहे?" मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी तिला अहो-जाहो केलं होतं.