कळसाडीचं व्यंगचित्रघर आणि मामांचं नाक

कळसाडीला व्यंगचित्रांचं संग्रहालय बघायला जायचंय, असं मी घरी सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, "देव कोणता?" देव नाही म्हटल्यावर जाण्याचं कारणच संपलं. पुढे मामांचं तिथून उसाचं बेणं आणायचं निघालं आणि त्या बेण्याच्या आधारानं माझी कलायात्रा मंजूर झाली.

मामांनी माझ्या कॉलेजचा खर्च केला, त्यामुळे घरात माझ्याबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. जूनपासून शहाद्याच्या मुलींच्या शाळेत मला शिक्षिकेची जागा मिळते आहे. त्यावर मामांचं उत्तर एकच: "देखू." तोवर स्थळं येतात. पाहुणे बसले की मामा भिंतीवरची माझी पदवी काढून छातीशी धरतात आणि मी त्यांच्यामागे चहाचा ट्रे घेऊन उभी राहते. घरातली पहिली पदवीधर म्हणजे नवं भिंतीवरचं घड्याळ. दाखवायचं सगळ्यांना, वेळ मात्र सूर्याकडे बघून ठरवायची.

हेच मी कागदावर काढलं होतं. भल्यामोठ्या नाकाचे एक गृहस्थ, हातात दाराएवढी पदवी, आणि पदवीखाली मुलीचे दोन पाय. कळसाडीचं संग्रहालय नवी चित्रंही घेतं, असं एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. म्हणून चित्र पिशवीत दशम्यांखाली ठेवलं आणि ज्यांचं चित्र त्यांच्याच सोबतीनं निघाले. शिक्षणानं शहाणपण येतं म्हणतात.

नंदुरबारहून शहाद्याची सकाळची एसटी धरा. खिडकीशी बसलात तर धूळ फुकट. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोठे चालनी, माय?"

"चित्रं बघायला."

"सिनेमा शे का?"

"नाही, कागदावरची."

"मंग हालतस का त्या?"

"नाही."

"मंग इतलं दूर कशाले जावानं?"

प्रश्न बिनतोड होता. तापीकाठच्या प्रकाशा गावाला गाडी थांबली, तिथं गरम भजी घेऊन मी उत्तर टाळलं. शहाद्याहून पुढे बैलगाडी. दोन्हीकडे कापूस आणि ऊस, मधे चाकोरी. कंबर जपणाऱ्यांनी गाडीत कडबा जास्त मागून घ्यावा.

संग्रहालय म्हणजे पुरुषोत्तमभाई या गुजर शेतकऱ्याची कापूस साठवायची खोली. तिकीट नाही, पण चहा घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत. साप्ताहिकांतली, दिवाळी अंकांतली व्यंगचित्रं कापून, खळीनं पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांनी तीन भिंती भरल्यात. उंदरांनी नेमक्या पुढाऱ्यांच्या टोप्या खाल्ल्या आहेत. इतके जाणकार समीक्षक पुण्यातही नसतील.

चौथी भिंत मात्र जवळजवळ रिकामी. ती आपल्या भागातल्या माणसांच्या चित्रांची. त्यांचा ढीग खाली जमिनीवर.

"ही का नाही लावली?" मी विचारलं.

"नेम शे," पुरुषोत्तमभाई म्हणाले. "चित्रमा जो माणूस, त्यानीच खिळा ठोकाना. लोके येतस, पोट धरी हासतस, आनि म्हनतस, हाऊ ते मन्हा शेजारी! मंग कोन ठोकी खिळा?"

मी धीर करून माझं चित्र पुढे केलं. मामांनी ते ओळखलं तर शाळेचा विषय तिथंच काढायचा, असं ठरवलं होतं. मामांनी बघितलं. आधी गालात हसले, मग खदखदून.

"अरे, हाऊ ते मन्हा साडू शे! असाच मिरावस तो!"

पुरुषोत्तमभाईंनी हातोडी पुढे केली होती. त्यांनी मामांच्या नाकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हातोडी खाली ठेवली. "आठे ऱ्हाऊ द्या," म्हणाले. माझं चित्र ढिगावर गेलं आणि शाळेचा विषय राहूनच गेला. मामा बेण्याचा सौदा करायला गेले.

परतीच्या एसटीत आमच्या मधे बेण्याची मोळी. तापीच्या पुलावर मामांनी स्वतःचं नाक चाचपलं. मग एकदम म्हणाले, "मन्हं नाक खरंच इतलं मोठं शे का वं?"

मी दचकले. "चित्रात थोडं वाढवावं लागतं, मामा."

"हं. आनि तुन्हा पाय काढात, तोंड का नही काढं?"

"पदवी जरा खाली घेतलीत तर काढता येईल."

मामांनी तोंड खिडकीकडे वळवलं. नंदुरबार येईपर्यंत त्यांनी बरीच धूळ खाल्ली.

रविवारी पाहुणे आले. सवयीनं मामांचा हात पदवीकडे गेला, थांबला, चौकट उगाच सरळ करून परत आला. पाहुण्यांनी मामांना विचारलं, "पोरगी काय शिकेल शे?"

"तिलेच इचारा. आठेच उभी शे."

मी ट्रे खाली ठेवला. शिक्षण सांगितलं, आणि जूनपासून शहाद्याला शिकवायला जाणार हेही सांगून टाकलं. पाहुण्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली. "कळवतो" म्हणून पाहुणे गेले. अशा वेळी त्या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळतो. आई स्वयंपाकघरात भांडी जोरात ठेवू लागली.

प्रवासानं दृष्टी विशाल होते, असं शाळेच्या निबंधात मी अनेकदा लिहिलं आहे. आमच्याकडे ती नाकापासून सुरू झाली, एवढंच.

संध्याकाळी मामा म्हणाले, "सोमवारे शाळामा जासूत. हेडबाईले भेटसूत." मग जरा थांबून, "बोलशी तूच. मी नुस्ता बसी ऱ्हासू."

मामांना नुसतं बसलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. ते बघायला मी पायीसुद्धा शहाद्याला जाईन.