बाबांच्या झोपेचं औषध
बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. ड्यूटीवर जाण्याआधी मशीनच्या नळीत फुंकून दाखवावं लागे, म्हणून नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी दारूला हात लावला नाही. प्यायला लागले ते निवृत्त झाल्यावर, आणि तेही झोप यावी म्हणून.

आयुष्यभर त्यांना कधी पहाटे, कधी भर रात्री बोलावणं येत असे. ठरलेल्या वेळी झोपणं शरीराला ठाऊकच नव्हतं. घरी बसल्यावर ते नुसते कूस बदलत पडायचे. त्यांच्याबरोबरच निवृत्त झालेले एक काका आमच्या सोसायटीत राहतात. त्यांच्याकडे तब्येतीच्या कारणाने दारू बाळगायचं सरकारी परमिट होतं. ते म्हणाले, "औषध म्हणून घे. जेवणाआधी थोडीशी. बघ कशी झोप लागते ते."

आणि लागायची. पाठ टेकताच बाबा घोरायला लागत. आईला बरं वाटलं. बडोद्यात दारूबंदी, त्यात आमचं घर देवाधर्माचं, त्यामुळे तो शब्द कुणी उच्चारत नसे. 'औषध' हेच नाव पडलं. मी सयाजीगंजमधल्या ऑफिसातून घरी येईपर्यंत बाबांचं जेवण होऊन ते आडवे झालेले असत. मला वाटायचं, घेतात ते थोडंसंच, बाकी म्हातारपण आहे, लवकर झोपतात.

दोन-तीन वर्षांनी त्यांना सकाळी घाबरल्यासारखं व्हायला लागलं. छातीत धडधड, तळहातांना घाम. फोन वाजला तरी दचकायचे. ऑफिसला पोचल्याचा माझा फोन पाच मिनिटं उशिरा आला की अपघात झाला असेल म्हणून अस्वस्थ. आम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं, कार्डिओग्राम काढला. सगळं ठीक निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "दारू, तंबाखू?" बाबा म्हणाले, "नाही." दारू ती इतरांची, यांचं औषध होतं. आई शेजारीच बसली होती. तीही काही बोलली नाही.

मग एकदा बाथरूममध्ये पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. पहिला दिवस गुंगीत गेला. दुसऱ्या दिवशी हात थरथरत होते, चादर सारखी चिवडत होते. आम्हाला वाटलं, दुखत असेल. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी आई आणि मी डबा घेऊन गेलो, तर बाबा पलंगाचा कठडा धरून उठायला बघत होते. नर्स त्यांना दाबून धरत होती.

"मागे व्हा सगळे," ते मला म्हणाले. "सिग्नल लाल आहे. रुळावर माणसं आहेत."

"बाबा, हे हॉस्पिटल आहे. मी आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. चादरीवरच्या मुंग्या झटकायला लागले. चादरीवर मुंग्या नव्हत्या. अंग तापलं होतं आणि कपडे घामाने ओले झाले होते. बाबांना वेड लागलं, असंच माझ्या मनात आलं.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर बोलावलं. तरुण गुजराती बाई होत्या. "काका काही घेतात का?" त्यांनी विचारलं.

"आमच्या घरात तसलं काही नाही," आई म्हणाली.

"झोपेसाठी थोडी घेतात," मी म्हणाले.

"थोडी म्हणजे किती?"

ते मला माहीत नव्हतं. डॉक्टर आईकडे वळल्या. "बेन, साचुं कहो, खरं सांगा. मी पोलीस नाही. चुकीचं सांगितलंत तर चुकीचा उपचार होईल."

आईने डब्याबरोबर आणलेला स्टीलचा पेला माझ्या हातातून घेतला आणि बोट लावून दाखवलं. अर्ध्याच्याही वर. मग खाली बघत म्हणाली, "आणि आता सकाळीही. त्याशिवाय हाताची थरथर थांबत नाही, दाढी करता येत नाही. घाबरणंही घेतल्यावरच कमी होतं. मला वाटलं, अशक्तपणा आहे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. लगेच औषधं सुरू झाली. सलाइनमधून जीवनसत्त्वाची इंजेक्शनं गेली, शांत करणारं औषध दिलं, आणि बाबांना जास्त देखरेख असलेल्या वॉर्डात हलवलं. हे जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ते दिवस आई आणि मी बाकावर बसून काढले.

बाबा भानावर आले तेव्हा त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. डॉक्टरांनी पलंगाशी बसून त्यांना समजावलं. दारूने डोळा पटकन लागतो, पण ती उतरायला लागली की झोप तुटते आणि खरी विश्रांती होत नाही. दारू मेंदूला मंद करते. रोज घेतली की मेंदू स्वतःला जागं ठेवायला उलटा जोर लावायला शिकतो. सकाळची धडधड त्याच जोराची. आणि दारू एकदम बंद झाली की तो जोर तेवढा उरतो.

बाबांनी थोडा विचार केला. "म्हणजे ब्रेक लावून ठेवलेला आणि वर इंजिनाला पॉवर. ब्रेक एकदम सुटला."

"तसंच काहीसं."

"मग आता झोप येईल?"

"लगेच नाही. काही आठवडे वाईट जातील."

तसेच ते गेले. बाबा चिडचिडे झाले, रडवेले झाले. दुपारी पडायचं नाही, ठरल्या वेळी उठायचं, हे आईने त्यांच्याकडून करून घेतलं. वॉकर घेऊन ते घरातल्या घरात फेऱ्या मारू लागले. हळूहळू सकाळचं घाबरणं कमी होत गेलं. झोप मात्र अजूनही मध्येच मोडते.

परमिटवाले काका भेटायला आले, ते ओशाळलेले होते. बाबा म्हणाले, "तुझ्या औषधाने मी हॉस्पिटलात गाडी चालवून आलो." दोघंही हसले. मग काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सकाळी तुझ्यासारखं मलाही धडधडतं," ते हलकेच म्हणाले. "आता आजपासून बंदच करतो."

"तसं करू नकोस," बाबा म्हणाले. "एकदम सोडलीस तर माझ्यासारखं होईल. आधी डॉक्टरांना विचार."

बाबांनी मला हॉस्पिटलसाठी रिक्षा बोलवायला सांगितलं. मी म्हटलं, तुम्हाला अजून जिने उतरायचे नाहीत, मी नेते त्यांना. पण बाबांनी ऐकलं नाही. एका बाजूने मला आणि दुसऱ्या बाजूने काकांना धरून ते खाली आले.

त्या डॉक्टरीणबाईंनी काकांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काकांची हळूहळू सुटली, मधे एकदा पुन्हा सुरू झाली, परत सुटली. हॉस्पिटलातून आल्यापासून बाबा विसरायला लागले होते, ते अजून पूर्ण गेलेलं नाही. ओळखीच्या माणसांची नावं अडतात, भाजी आणायला गेले की निम्मी राहून जाते. डॉक्टर म्हणतात, आणखी सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही. आई आता कुणी विचारलं तर सरळ सांगते, हे प्यायचे.